पिन निघंना

फौजीच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, जाडी मोजायचं व्हर्निअर असे. जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या सळयांच्या रोलिंग मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, की तो आधी भाकरीची जाडी मोजायचा आणि मग ती वरणात कुस्करायचा.

"साडेतीन मिली. काल चार व्हती. घरातलं पीठ संपत आलंय."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखर त्याच्या डब्यात बाजारची पोळी असायची. बायको काही बोलली नाही तरी याला भाकरीवरून घरचं कळायचं.

मी त्या मिलचा स्टोअरकीपर. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीस यांचा हिशेब माझ्याकडं आणि ते सगळं जिथं अडकेल तिथून सोडवायचं काम फौजीकडं. पलटणीत तो आर्मोरर होता. म्हणजे बंदुका चालवायचं काम दुसऱ्यांचं; त्या खोलायच्या, पुसायच्या, परत जोडायच्या हे याचं. त्याच्या हाताखालून इतक्या रायफली गेल्या होत्या की एकापुढं एक ठेवल्या तर बदनापूरच्या स्टेशनापासून लागलेली रांग मनमाडला वळसा घालून परत आली असती. हे माप माझं. तो म्हणायचा, "रांग लावली कोणी? तू पाह्यली का?"

आमचं दोघांचं बिनसायचं ते इथंच. मी एखादी गोष्ट सांगायला लागलो की ती थोडी पिकते, हे मला मान्य आहे. एकदा स्टोअरच्या मागं साप निघाला. दुसऱ्या दिवशी मी ती हकीकत ऑफिसात सांगत होतो आणि फौजी दारात उभा राहून ऐकत होता.

"स्टोअर," तो म्हणाला, "काल साप सात फुटाचा व्हता. आज अकराचा झाला. रातीतून चार फूट वाढला का?"

त्याला कोणी "जवळजवळ" म्हटलेलं चालत नसे. "अंदाजे" म्हटलं की तो कानावर हात ठेवायचा, जसं काही आपण त्याच्या घराण्याबद्दल बोललो.

दुसरी सवय याहून विचित्र. माणसांना तो सरसकट अरे-तुरे करायचा. मलाच नाही, शेठलासुद्धा. फक्त वर्दी दिसली की "साब". पण गंजलेला बोल्ट, अडकलेली चावी, न निघणारी पिन यांच्याशी मात्र अहो-जाहो. यंत्राखाली उताणा पडून हळू आवाजात बोलत राहायचा, "या. बाहेर या. कोणी मारून न्हाई राह्यलं तुमाला. झाला असंल तरास, आमाला समजतं." नवीन आलेले कामगार पहिल्या आठवड्यात याला बाहेरची बाधा झालीय असं समजायचे. दुसऱ्या आठवड्यात तेही बोल्टला "साहेब" म्हणायला लागायचे.

एकदा रोलिंगच्या स्टँडची पिन अडकली. सगळी मिल बंद. आमचा वेल्डर दहा किलोचा घण घेऊन आला, छाती पुढं काढून. फौजीनं त्याच्या मनगटाला धरलं.

"घण मारला का पिनेचं डोकं फुलतं. भोक हाय तेवढंच राहतं. लग्नात जेवून टम्म झालेल्या माणसाचा शर्ट वर ओढून निघतो का रे?"

शेठ आला. शेठ ओरडला तो आवाज भोकरदनला ऐकू गेला. फौजीनं पिनेवर तेल सोडलं, शेजारी पोत्यावर मांडी घातली आणि बसला. दर अर्ध्या तासाला तीन बारीक ठोके द्यायचा, डोळे मिटून ऐकायचा, परत बसायचा. शेठनं तोवर घसा बसवून घेतला. चार वाजता चहा आला, आणि चहा प्यायच्या आत पिन दोन बोटांनी निघाली. वेल्डर म्हणाला, "मी घण आणल्ता म्हणून घाबरून निघाली."

अंबडचे पाहुणे फौजीच्या मुलीला बघायला आले, तेव्हा मी तिथं होतो. मुलाच्या मामानं उंची विचारली. मुलीच्या मामानं पटकन सांगून टाकलं, "साडेपाच फूट." फौजी पोहे खाता खाता म्हणाला, "पाच फूट एक इंच. चप्पल काढून. आन् डाव्या डोळ्याला पाऊण नंबर हाये." आत स्वयंपाकघरात भांडं पडलं. मुलाचा बाप बराच वेळ याच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "न विचारता नंबर सांगणारा व्याही मला परत कुठं भेटंल?" सुपारी तिथंच फुटली.

पण दरवेळी असं होत नसे. मिलमध्ये बाहेरगावचा गिऱ्हाईक माल बघायला आला होता. शेठ त्याला फिरवून दाखवत होता, "एकदम बराबर माप, शेठजी." गिऱ्हाइकानं सहज फौजीला विचारलं. फौजीनं खिशातलं व्हर्निअर काढलं, सळईला लावलं आणि म्हणाला, "अर्धा मिली कमी." ती ऑर्डर गेली. फौजी त्या महिन्यात फोरमन होणार होता, तेही गेलं ते कायमचं. मी त्याला म्हटलं, "गप्प बसला असता तर काय झालं असतं?" तो म्हणाला, "त्यानं इचारलं व्हतं ना?"

आता आबांची रायफल.

आबा तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातले, मोसंबीचे बागायतदार, साठीला आलेले. एका शनिवारी ते मिलच्या गेटावर आले, फौजीचं नाव विचारत. काखेत कागदांचं गाठोडं. चेहरा असा की मला आधी वाटलं कोणी गेलंय.

आबांकडं त्यांच्या वडलांच्या वेळची विलायती रायफल होती, लायसनची. शेतात रानडुकरं घुसली की एक बार काढायचा, डुकरं पळायची, एवढंच तिचं काम. लायसन नवं करून घ्यायचं होतं म्हणून आबांनी ती तालुक्याच्या ठाण्यात नेऊन दिली होती. नियम असा की फौजदारानं रायफलीवरचा नंबर बघायचा, लायसनावरच्या नंबराशी जुळवायचा आणि तसं वर लिहून पाठवायचं. फौजदार नंबर शोधत राहिला. नळीवर नंबरच नव्हता.

"कुठं गेला?" फौजीनं विचारलं.

"झिजला बाबा."

"लोखंडातला नंबर झिजला?"

"दरसाल दसऱ्याला चिंच आन् राख लावून घासतो पूजेला. माझ्या बापानं तीस वरसं घासली. मी वीस वरसं घासून राह्यलो."

पन्नास दसरे. एवढं घासलं असतं तर देवगिरीचा किल्लासुद्धा जमिनीला लागला असता. आबांच्या रायफलीची नळी चांदीच्या ताटासारखी लखलखत होती, आणि तिच्यावर अक्षर म्हणून राहिलं नव्हतं.

"सोमवारी फौजदार रिपोर्ट धाडणार हाये," आबा म्हणाले. "नंबर दिसला आन् जुळला तर रायफल घेऊन जा म्हणतो. न्हाई तर बेनंबरी हत्यार म्हणून माझ्यावर केस. या वयात मला आत टाकतेल, फौजी. गावात तोंड कसं दावू?"

फौजीनं थोडा विचार केला. "जुन्या विलायती रायफलीला दुसरा नंबर असतो. नळीच्या पोटाला, लाकडाच्या आतून. तिथं तुझी चिंच पोचली नसंल. नळी लाकडातून उचलली का दिसतो."

"फौजदारबी तेच म्हणला. पण नळी आन् लाकूड एका आडव्या पिनेनं धरलेलं हाये, आन् ती पिन निघंना. ठाण्यात दोघांनी हात लावून पाह्यला."

"घण मारला का?"

"न्हाई."

"मंग येतो," फौजी म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या एम-एटी गाडीवर निघालो. मी मागं, मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी. ठाण्याच्या आवारात टेबल मांडलेलं होतं, फौजदारसाहेब खुर्चीत, शेजारी दोन शिपाई. आबा भिंतीला टेकून, गाठोडं छातीशी धरून. आवाराबाहेर तालुक्यातली निम्मी माणसं गोळा झाली होती; उरलेली निम्मी जागा न मिळाल्यानं परत गेली.

फौजीनं आधी रायफल उघडून रिकामी आहे का बघितलं. एकदा डोळ्यानं, एकदा बोटानं, आणि मग परत एकदा डोळ्यानं. मग भिंग लावून पिनेची दोन्ही टोकं न्याहाळली. पिन काडेपेटीतल्या काडीएवढी. उजव्या अंगाला भोकाच्या कडेचं लाकूड किंचित दबलेलं होतं.

"उजवीकडून आत गेलेत हे," तो पिनेबद्दल म्हणाला. "डावीकडून ढकलायचं. आल्या वाटेनंच जातेल."

त्यानं दोन्ही टोकांना रॉकेलचा थेंब थेंब सोडला आणि खाली बसला. तास गेला. पितळेचा बारीक पंच, म्हणजे बोथट कांडी, लावून लाकडी हातोडीनं तीन ठोके दिले. डोळे मिटून ऐकलं. टण, टण, टण. परत बसला.

फौजदार तरुण होता, गडी चांगला, पण रविवार त्याचाही होता. "अरे फौजी, दे की एक जोरात."

"देतो साब. मंग पिन आत, नंबर आत, आन् आबा पण आत."

बाहेरची गर्दी हसली. आबा हसले नाहीत.

दुसऱ्या तासाला फौजीनं रॉकेल पुसून घेतलं, पिशवीतून लांब खिळा काढला, तो ठाण्यातल्या चहाच्या स्टोव्हवर लाल केला आणि पकडीत धरून त्याचं टोक नुसतं पिनेच्या डोक्याला टेकवलं, लाकडाला धग लागू न देता. बारीक धूर आला. आणि सगळ्या आवारात वास सुटला.

"कोणाकडं भजे चाल्लेत?" एक शिपाई म्हणाला.

वास तळणाचाच होता. मला तर सकाळी जेवून निघालो असताना भूक लागली. फौजी थबकला. त्यानं नाक पिनेजवळ नेलं, मग मान वर केली.

"आबा, हिच्यात तेल कोणतं घालतो तू?"

"करडईचं. घरच्या करडईचं, घाण्यावरून काढलेलं."

"मशीनचं काहून न्हाई?"

"पूजेच्या वस्तूला मशीनचं तेल?" आबांना हे विचारणंच पटलं नाही. "देवाम्होरं रॉकेलाचा वास? करडईचं तेल कसं पवित्र. बाप तेच घालायचा. चमचा चमचा, सगळ्या फटींत जाईल असं."

फौजीनं कपाळाला हात लावला. त्याला मी त्या दिवसापर्यंत असं करताना पाहिलं नव्हतं.

"करडईचं तेल उघड्यावर पातळ लावून ठेवलं का वाळतं आबा. चिकट व्हतं, मंग कडक. दाराला रोगण मारतेत ना, तसं. तुमी बापलेकांनी पन्नास वरसं या पिनेला डिंक पाजला."

आबांचा चेहरा पडला. नंबर त्यांच्या भक्तीनं गेला होता, पिनही त्यांच्याच भक्तीनं धरली होती. फौजदारानं मान दुसरीकडं वळवली, बहुतेक हसू लपवायला.

पण आता दुखणं कळलं होतं. गंज असता तर तेल लागलं असतं; हा वाळलेल्या तेलाचा थर, त्याला ऊब पाहिजे. फौजी खिळा तापवायचा, टेकवायचा, पुसायचा, तीन ठोके द्यायचा, ऐकायचा. "चला. खूप दिवस झाले बसून. निघा आता." फौजदारानं आधी एका शिपायाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "साहेब, तो पिनेशी बोलतोय." हे तापवणं-टेकवणं फौजीनं कितीदा केलं ते विचाराल तर मी पन्नास म्हणेन. तो चौदा म्हणायचा.

ऊन कलायला आलं तेव्हा आवाज बदलला. टण, टण, आणि मग बद. फौजीनं डोळे उघडले. आणखी एक हलका ठोका. उजव्या बाजूनं पिनेचं टोक बाहेर आलं, सकाळी उठून अंगणात येणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, सावकाश. त्यानं ती चिमटीत धरून ओढली आणि फडक्यावर ठेवली. "या. बसा इथं."

नळी लाकडातून उचलली. तिच्या पोटाला काळपट थर होता. फौजी तो ऊन फडक्यानं पुसत राहिला. फौजदारानं लायसन हातात घेतलं आणि वाचलं, "चार, सहा, तीन, एक."

फौजीनं भिंग लावलं. "चार," तो म्हणाला. आबांचे ओठ हलत होते. "सहा. तीन." आणि थांबला. परत पुसलं. परत भिंग लावलं.

"नऊ."

 आबा भिंतीला धरून खाली बसले.

फौजदार उठला, भिंग घेतलं, वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. "अरे, एकच की हा. वर गोल, खाली शेपूट. एक."

आबा एकदम उठले. फौजदारानं पंचनाम्याचा कागद पुढं ओढला. "चार, सहा, तीन, एक. जुळला. साक्षीदार म्हणून सही कर फौजी."

"न्हाई साब. नऊ हाये."

"मला एक दिसतोय."

"मराठी एक दिसून राह्यला तुमाला. हा इंग्रजी नऊ. विलायतेत मराठी एक कोण कोरंल?"

ते खरं होतं. आपला एक आणि त्यांचा नऊ, दिसायला जुळ्या भावांसारखे. फौजदारानं पेन खाली ठेवलं.

आबा फौजीजवळ गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. "बाबा, साहेब सवता एक म्हणून राह्यलेत. तुला काय करायचं? तू पिन काढली, तुझं काम झालं. एक सही कर."

"आबा, मी नऊ बघितलं."

"माझं वय बघ की."

"बघितलं," फौजी म्हणाला. "साठ."

मी त्याच्या दंडाला धरून बाजूला नेलं आणि म्हटलं, फोरमनकी गेली तेवढी पुरे नाही का. इथं दुसऱ्याचं आयुष्य आहे. त्यानं माझा हात सोडवला. "स्टोअर, पाच जणं नळीला डोळा लावतेल. कोर्टात सायब नऊ वाचंल, कागदावर एक असंल. मंग आबा दुप्पट आत, आन् हा फौजदार बी." एवढं सलग तो माणसांशी कधी बोलला नव्हता.

फौजदारानं ते ऐकलं. तो भडकला होता, पण डोकं होतं त्याला. त्यानं परत नळी बघितली, परत लायसन बघितलं.  मग म्हणाला, "थांबा. मी आत्ता नऊचा एक वाचला. मग हे लायसन ज्यानं लिहिलं त्यानं काय वाचलं असेल?"

लायसन मराठीत होतं, सुवाच्य, कुठल्यातरी कारकुनाच्या हातचं. ते काही पहिलं नव्हतं. आबांना विचारलं, याच्या आधीचं आहे का. आबांना माहीत नव्हतं. वडलांनी जे जे कागद ठेवले ते सगळे गाठोड्यात होते, आणि इंग्रजी त्यांना येत नव्हतं. टेबलावर गाठोडं सोडलं. सातबारे निघाले, वीजबिलं निघाली, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघाली, मोसंबीच्या कलमांची पावती निघाली. एकूण कागद इतके होते की त्यांत बैल गुंडाळता आला असता. आणि सगळ्यांत तळाशी, चार घड्या घातलेलं, पिवळं पडलेलं जुनं इंग्रजी लायसन. शाई फिकट, पण आकडे साफ. चार, सहा, तीन, नऊ.

कारकुनानं उतरवून घेताना पहिल्या तीन आकड्यांचं मराठी केलं होतं आणि चौथा मराठीच आहे असं समजून तसाच ठेवला होता. पुढं दर नव्या लायसनावर तोच एक लिहिला गेला. नळीवरचा नंबर तोवर घासून गेलेला. कोणी पडताळला असता तर कशाशी?

फौजदारानं नवा कागद घेतला. पंचनाम्यात आकडा लिहिला आणि फौजीकडं सरकवला. फौजीनं वाचला आणि परत सरकवला.

"अक्षरी लिवा साब."

फौजदारानं आकड्यापुढं लिहिलं, "अक्षरी चार हजार सहाशे एकोणचाळीस." मग फौजीनं सही केली. जुनं लायसन रिपोर्टला जोडायचं ठरलं.  आबा नुसते त्या पिवळ्या कागदावरून हात फिरवत होते, तो उलटा धरून.

परत येताना वाटेत चहाला थांबलो. मला राहवेना. मी विचारलं, "समजा ते जुनं लायसन गाठोड्यात नसतं, तर?"

"तर नऊच."

"आणि आबा?"

"आबाला अटक झाली असती."

"आणि तू आरामात चहा पीत बसला असता."

त्यानं बशी खाली ठेवली, माझ्या मांडीवरची हत्यारांची पिशवी ओढली आणि पंच, पक्कड, खिळे यांच्या खालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. त्याच्या घराच्या घरपट्टीची पावती होती, चालू सालाची. कोणाला जामीन राहायचं तर कोर्टात ती दाखवावी लागते.

"घरून निघतानाच घेतली व्हती," तो म्हणाला. "नंबर जुळंल असं कोणी सांगितलं व्हतं?"

त्यानं पावती परत तळाशी ठेवली, वर खिळे ठेवले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.